मान आणि मानधन

आमच्या गावच्या वाचनालयात सहा पंखे आहेत आणि सहाही पंख्यांच्या पात्यांवर नावं रंगवलेली आहेत. 'कै. अमुक तमुक यांच्या स्मरणार्थ', त्याखाली तारीख आणि देणाऱ्याचं नाव. पंखा फिरत असताना यातलं काहीच वाचता येत नाही. उन्हाळ्यात दुपारची वीज गेली की पाती हळूहळू थांबतात, पेपर चाळत बसलेली माणसं मान वर करतात आणि गावातली गेलेली मंडळी पुन्हा एकदा वाचून काढतात. देवळात, शाळेत, स्मशानातल्या बाकांवर महाराष्ट्रभर हेच दृश्य दिसतं.

मी गेली अकरा वर्षं या वाचनालयाचा खजिनदार आहे. कपाट हवं म्हटलं की आठवड्यात देणगीदार मिळतो. कूलर, खुर्च्या, भिंतीवरचं घड्याळ, सगळं असंच आलं. मिळत नाही तो ग्रंथपालाचा पगार. वीजबिल, वाळवीचं औषध, फाटलेल्या पुस्तकांची बांधणी, छपराची डागडुजी यांनाही कोणी वाली नाही. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा 1967 चा. त्याखाली अ, ब, क, ड अशा वर्गांनुसार ग्रंथालयांना अनुदान मिळतं. आमचं वाचनालय 'क' वर्गातलं. ते अनुदान येतं तेव्हा येतं आणि आलं तरी त्यात वर्ष निघत नाही. पगाराच्या पाकिटावर कुणाच्या वडिलांचं नाव रंगवता येत नाही, अडचण एवढीच आहे. पण या एवढ्याशा अडचणीने आमच्याकडे नवी कोरी कपाटं आहेत आणि ती उघडायला संध्याकाळी कधीकधी माणूस नाही.

एवढ्यावरून माणूस पटकन म्हणतो की सगळे नावासाठीच देतात. आमच्या समितीतही हे बोललं जातं, 'दान कसलं, जाहिरात आहे ही.' काही वर्षं मीही असंच मानत होतो. आता मला हे मत आळशी वाटतं. देण्यातून मिळणारं समाधानसुद्धा स्वार्थातच मोजायचं ठरवलं, तर स्वार्थ नाही असं जगात काही उरत नाही. मग पंखा देणारा आणि पंखा पळवणारा यांच्यातला फरक सांगायलाही तो शब्द उपयोगाचा राहत नाही. शिवाय हवा तर लागतेच. जून महिन्यात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या पोराला वरच्या पात्यावर कुणाचं नाव आहे याने काय फरक पडतो?

या मताला शास्त्राचा आधार असल्यासारखं बोललं जातं, म्हणून त्याबद्दल थोडं. विल्यम हॅमिल्टन यांनी 1964 मध्ये नातलगांसाठी केलेल्या त्यागाचं गणित मांडलं, रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी 1971 मध्ये परतफेडीच्या आशेवर चालणाऱ्या मदतीचं, आणि अमोत्झ झहावी यांनी 1975 मध्ये असं सुचवलं की मोराच्या पिसाऱ्यासारखी महागडी उधळण ही स्वतःची ऐपत दाखवण्याची खूण असते. तिन्ही मांडण्यांनी जीवशास्त्राचं चित्र बदललं. पण एखादी वृत्ती लाखो वर्षांत आपल्यात का टिकली हा एक प्रश्न, आणि आज हा माणूस का देतोय हा दुसरा. बाळाला पाजणारी आई मनात जनुकांचा हिशेब करत नसते. सख्ख्या भावात आपली निम्मी जनुकं असतात, चुलतभावात आठवा हिस्सा; म्हणून ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन गमतीने म्हणत, असं सांगतात, की दोन सख्ख्या भावांसाठी किंवा आठ चुलतभावांसाठी मी नदीत उडी घेईन. हेच हाल्डेन 1957 मध्ये भारतात आले, इथलं नागरिकत्व घेतलं आणि 1964 मध्ये भुवनेश्वरला वारले. जाताना त्यांनी आपला देह काकीनाड्याच्या रंगराया वैद्यकीय महाविद्यालयाला देऊन ठेवला होता. तिथे शिकणाऱ्या तेलुगू मुलांशी त्यांचं भावाचं ना चुलतभावाचं नातं.

हेतू असतात, ते मिसळलेले असतात, आणि देणाऱ्याला स्वतःलाही ते पुरते ठाऊक नसतात. हे मी मान्य करतो. माझी तक्रार आहे ती आपण हेतू नेमके कुठे शोधतो याबद्दल. आपण देणाऱ्याची छाती उघडून बघायला निघतो. त्याला शाबासकी देणारे, शाल पांघरणारे, पाटी लावून देणारे कोण, आणि त्यांचं त्यात काय आहे, याकडे कुणी फिरकत नाही.

मुंबईचा इतिहास यासाठी पुन्हा वाचण्यासारखा आहे. जमशेटजी जीजीभॉय 1783 मध्ये जन्मले, पोरवयात अनाथ झाले, चीनच्या व्यापारात शिरले. कापूस आणि अफू यांवर त्यांनी अफाट पैसा केला. ज्या अफूपायी 1839 ते 1842 चं युद्ध झालं, ती मुंबईहून त्यांच्यासारख्यांच्या जहाजांतूनच जात होती. 1842 मध्ये त्यांना 'सर' हा किताब मिळाला, असा किताब मिळालेले ते पहिले भारतीय. पुढे 1857 मध्ये त्यांना पिढीजात सरदारकी मिळाली. याच काळात त्यांच्या पैशातून भायखळ्याचं जे. जे. रुग्णालय उभं राहिलं आणि 1845 मध्ये सुरू झालं. पाणी, शाळा, धर्मशाळा, त्यांच्या देणग्यांची यादी लांबलचक आहे. त्यांनी मनाच्या कळवळ्याने दिलं, की अफूचा डाग धुवायला, की किताबासाठी? मला वाटतं तिन्ही. आणि पावणेदोनशे वर्षांनंतर त्या रुग्णालयाच्या पायरीवर नातेवाइकाची वाट बघत बसलेल्या, बीडहून किंवा बिहारहून आलेल्या माणसाला या प्रश्नाच्या उत्तराची गरज नाही.

मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो दुसरा प्रश्न. किताब देणाऱ्याचं त्यात काय होतं? कंपनी सरकारला हिंदी प्रजेच्या दवाखान्यांवर आणि रस्त्यांवर फार खर्च करायचा नव्हता. एक किताब द्यायला सरकारी तिजोरीतून काय जातं? त्याच्या बदल्यात शहराला रुग्णालय मिळतं आणि गावातला सगळ्यात वजनदार व्यापारी आयुष्यभर निष्ठावंत राहतो. मान हे चलन आहे आणि ती टांकसाळ सरकारच्या हातात होती. कुठल्या कामाला किती मान हे ती टांकसाळ ठरवत होती, म्हणून पैसा तिकडे वळत होता.

त्याच घरातली दुसरी गोष्ट मला अधिक आवडते. माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये खाडी होती. पावसाळ्यात नावा उलटत, माणसं बुडत. रस्ता बांधायला सरकार पैसे काढेना. तेव्हा जमशेटजींच्या पत्नी अवाबाई यांनी स्वतः 1,57,000 रुपये दिले. त्यांची अट एकच होती, या रस्त्यावरून जाणाऱ्याकडून टोल घ्यायचा नाही. 1845 मध्ये माहीमचा कॉजवे खुला झाला. दादर-माहीममधून जाणाऱ्या लेडी जमशेटजी रोडला त्यांचं नाव आहे, म्हणजे नाव त्यांनाही मिळालंच. पण त्यांची अट बघा. हेतू ओळखायचा असेल तर मनात डोकावू नये, देणगीसोबत आलेली अट वाचावी. अवाबाईंची अट ज्यांना त्या कधी भेटणार नव्हत्या अशा पायी चालणाऱ्यांच्या बाजूची होती.

परळच्या के. ई. एम. रुग्णालयाचंही तसंच. रुग्णालयाला नाव इंग्लंडच्या राजाचं, सातव्या एडवर्डचं. पण त्याला जोडलेलं वैद्यकीय महाविद्यालय शेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या इस्टेटीच्या पैशातून झालं, आणि विश्वस्तांनी तो पैसा देताना अट घातली की इथले प्राध्यापक पात्र भारतीयच असतील आणि सरकारी नोकरीतले नसतील. सरकारी ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या मोठ्या जागा तेव्हा इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या, म्हणजे बहुतांशी गोऱ्या, डॉक्टरांसाठी असत. 1926 मध्ये दोन्ही संस्था सुरू झाल्या. एकाच आवारात वर राजाचं नाव आणि आत त्या राजाच्या अधिकाऱ्यांना दार बंद. या अटीत राष्ट्राभिमान होता, गोऱ्यांवरचा राग होता, कदाचित शहरातल्या इतर श्रीमंतांशी चढाओढही असेल. त्या हेतूने मुंबईला भारतीय डॉक्टरांच्या पिढ्या घडवणारी जागा दिली. हेतू शंभर टक्के निर्मळ असण्याची वाट बघत बसलो असतो तर ती मिळाली नसती.

म्हणून मी नावाच्या हव्यासावर रागावत नाही. मी विचारतो की हा हव्यास देणगीला कुठल्या बाजूला झुकवतो, आणि त्या झुकण्यात कोण वंचित राहतं. रक्तदानात हे लख्ख दिसतं. सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये दिलेल्या निकालामुळे 1 जानेवारी 1998 पासून आपल्याकडे पैसे घेऊन रक्त देण्यावर बंदी आली. चांगलं झालं, कारण विकलेलं रक्त बहुधा उपाशी आणि आजारी माणसाचं असे. पैशाच्या जागी आता मान आला. आपल्याकडची बरीच शिबिरं कुणाच्या तरी वाढदिवसाला होतात, चौकात फलक लागतो, रक्त देणाऱ्याला कुठे डबा मिळतो, कुठे बॅग, कुठे हेल्मेट. रांगेत उभी राहणारी पोरं मनापासून उभी असतात, हे मी जवळून पाहिलंय.

पण रक्ताचं स्वतःचं पंचांग आहे. लाल पेशी साठवणीच्या पद्धतीनुसार 35 किंवा 42 दिवस टिकतात. प्लेटलेट्स जेमतेम 5 दिवस. एकदा रक्त दिलेल्या पुरुषाला 3 महिने आणि स्त्रीला 4 महिने पुन्हा देता येत नाही. नेत्याच्या वाढदिवसाला एकाच तालुक्यात पाच ठिकाणी शिबिरं झाली की त्या आठवड्यात पिशव्या ठेवायला जागा पुरत नाही, आणि त्या तालुक्यातले धडधाकट दाते पुढचे 3 महिने बाद होतात. मे महिन्यात कॉलेजं बंद, लोक गावाला गेलेले, दिवाळीतही तेच. थॅलेसेमियाच्या मुलाला मात्र दर दोन-तीन-चार आठवड्यांनी रक्त लागतं, त्याला सुट्टी नाही. तेव्हा त्याचा बाप फोन करत फिरतो. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाची खूण सांगताना 'देशे काले च पात्रे च' म्हटलंय, योग्य जागी, योग्य वेळी, योग्य माणसाला. आपण त्यातलं 'फळाची इच्छा न धरता' तेवढं लक्षात ठेवतो आणि 'काले' विसरतो. माझ्या मते ज्याला वाढदिवस साजरा करायचाय त्याने खुशाल करावा, फलकही लावावा. फक्त तारीख रक्तपेढीने ठरवावी. मे महिन्यातल्या शिबिराला जो आपला वाढदिवस देईल त्याचा फलक दुप्पट मोठा लावायला माझी हरकत नाही.

नावाला कंटाळलेले लोक गुप्तदानाकडे बोट दाखवतात. उजव्या हाताचं डाव्याला कळू नये, हे आपल्यावर लहानपणापासून ठसलेलं आहे. घेणारा दुबळा असेल तर ते शंभर टक्के खरं. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर पुराखाली असताना मदतीच्या धान्याच्या पाकिटांवर नेत्यांच्या छबी चिकटवलेल्या निघाल्या, तेव्हा आपल्या सगळ्यांच्या अंगावर काटा आला. घर वाहून गेलेल्या बाईला दोन किलो तांदळासोबत कुणाचं तरी तोंड घरी न्यायला लावणं हा तिचा अपमान होता. पण घेणारा बलवान असेल तर गुप्ततेचा अर्थ पार उलटा होतो. राजकीय पक्षांना देणग्या देण्याच्या 2018 च्या निवडणूक रोख्यांच्या योजनेत देणाऱ्याचं नाव मतदारापासून लपवलं होतं. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने 15 फेब्रुवारी 2024 रोजी ती योजना घटनाबाह्य ठरवली, कारण पैशाच्या बदल्यात काय मिळालं हे जाणण्याचा मतदाराचा हक्क त्यात बुडत होता. मी म्हणतो, गरिबाला देताना नाव झाका, सत्तेला देताना ते चौकात लावा.

आता त्या देण्याबद्दल, ज्यावर कुठलीच पाटी लागत नाही.

'मानधन' हा शब्द आपण इतक्या सहज वापरतो की तो काय सांगतोय ते ऐकूच येत नाही. वेतन म्हणजे केलेल्या कामाचा मोबदला, तो हक्काने मागता येतो. मानधन म्हणजे मान राखण्यासाठी दिलेलं काहीतरी. ते किती असावं यावर भांडायचं नसतं, कारण भांडलं की मानच जातो. कीर्तनकाराला, व्याख्यात्याला मानधन देतात, ते ठीक आहे, त्यांचं पोट बहुधा दुसरीकडे भरतं. पण 2 ऑक्टोबर 1975 ला सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेतली अंगणवाडी सेविका आज पन्नास वर्षं मानधनावर आहे. 2005 पासून घरोघर फिरणारी, बाळंतिणीला रात्री-अपरात्री गाडीत घालून दवाखान्यात नेणारी आशाताई कागदोपत्री स्वयंसेविका आहे. एक 'सेविका', दुसरी 'स्वयंसेविका'. नावातच सेवा घालून ठेवली की कामगार कायद्याला आत यायला फट राहत नाही. 2022 मध्ये अंगणवाडी सेविकांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य व्हायला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. डिसेंबर 2023 मध्ये राज्यभरच्या सेविका संपावर गेल्या तेव्हा कानावर आलेलं एक वाक्य मला विसरता येत नाही, 'या तर सेवा करतात ना, मग संप कसला?'

परोपकारामागचा छुपा हेतू म्हणतात तो मला या वाक्यात दिसतो. तो सेविकेचा नाही, तो आपला आहे. कंपनी सरकार ज्या हिशेबाने किताब वाटत होतं त्याच हिशेबाने आपण 'निःस्वार्थी' हा किताब वाटतो. फरक इतकाच की जमशेटजींकडे तो मिळण्याआधी पैसा होता. इथे पैसा द्यायचा टळावा म्हणून किताब दिला जातो.

घरातही हेच चालतं. भारतात जिवंतपणी मूत्रपिंड किंवा यकृताचा तुकडा देणाऱ्यांत स्त्रियांची संख्या पुरुषांपेक्षा खूपच जास्त आहे, आणि अवयव मिळणाऱ्यांत पुरुषांची. याला त्याग म्हणायची आपली पद्धत आहे. त्यात प्रेम नक्की असतं. पण नवऱ्याला मूत्रपिंड देणाऱ्या बाईला 'नाही' म्हणायची मुभा किती होती, हा प्रश्न तिच्या सासरी कोणी विचारत नाही. 1994 च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याखाली 2014 मध्ये जे नियम झाले त्यांनी तो विचारला आहे. दाती स्त्री असेल तर अधिक काळजी घ्यावी, तिची ओळख आणि स्वतंत्र संमती रुग्णाखेरीज दुसऱ्या कुणाकडून पडताळून घ्यावी, असं त्यात लिहिलं आहे. मला हा नियम फार मोलाचा वाटतो. सगळा समाज ज्या क्षणी हात जोडतो, त्या क्षणी कायदा थांबून विचारतो की बाई, तुम्हाला हे खरंच करायचंय का?

तीन वर्षांपूर्वी आमच्या वाचनालयाचा वर्धापनदिन होता. ग्रंथपाल ताईंना शाल-श्रीफळ द्यायचं ठरलं. त्या सतरा वर्षं इथे आहेत. पाचशे-सहाशे सभासदांना कुठलं पुस्तक आवडेल हे त्यांना तोंडपाठ आहे. आदल्या दिवशी मी त्यांना सांगायला गेलो. कपाट पुसता पुसता त्या म्हणाल्या, "काका, यंदा शाल नको. घरात चार झाल्यात. राहिलेले दोन महिने तेवढे द्या." आवाजात राग नव्हता. मी खजिनदार, दोन महिन्यांचा पगार थकलाय हे माझ्या वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. सत्काराच्या कार्यक्रमाचा खर्चही त्याच वहीत होता.

पुढच्या बैठकीत मी ठराव मांडला की यापुढे वस्तूची देणगी घेताना तिच्या किमतीच्या चौथ्या हिश्श्याइतकी रक्कम पगार आणि देखभालीच्या खात्यात रोख घ्यायची, आणि भिंतीवरच्या काळ्या फळ्यावर दर महिन्याला लिहायचं की या महिन्याचा ग्रंथपालाचा पगार कुणी दिला. खूप वाद झाला. 'पगार कुणी दिला हे लिहिणं बरं दिसत नाही,' असं एका ज्येष्ठ सभासदांचं म्हणणं पडलं. पंख्यावर लिहिणं बरं दिसतं आणि पगारावर का नाही, याचं उत्तर त्यांना देता आलं नाही. ठराव एका मताच्या फरकाने मंजूर झाला.

त्यानंतर कपाट द्यायला आलेले दोन देणगीदार अट ऐकून परत गेले. तिसऱ्या एक आजी होत्या. त्यांना नवऱ्याच्या वर्षश्राद्धाला पंखा द्यायचा होता. सहा पंखे पुरेसे आहेत, असं मी त्यांना सांगितलं आणि फळ्याकडे बोट दाखवलं. त्यांनी फळा दोनदा वाचला. मग पिशवीतून पैसे काढून टेबलावर मोजले, आणि पावती फाडताना मी नाव विचारलं तेव्हा त्या ताईंकडे वळून म्हणाल्या, "हिचा सप्टेंबरचा पगार, यांच्या नावाने. ऐन श्राद्धाचा महिना आहे. अक्षर मोठं काढ गं, मला लांबून दिसत नाही."